वोइचेख आणि आडालबर्ट : नावं दोन, संत एकच

'वोइचेख हे आडालबर्टचं पोलिश रूप, म्हणून अर्थ कुलीन-तेजस्वी' असं काहीजण सांगतात, ते पटलं नाही. तो अर्थ जर्मन आडालबर्टचा. वोइचेख अस्सल स्लाव्ह जोडनाव आहे: 'वोय' म्हणजे योद्धा, 'चेख' म्हणजे आनंद. गोंधळ झाला तो प्रागच्या बिशपमुळे. त्याचं जन्मनाव वोइत्येख, म्हणजे वोइचेखचंच चेक रूप. माग्डेबुर्गच्या आर्चबिशपच्या हाताखाली शिकताना त्याने गुरूचं आडालबर्ट हे नाव घेतलं. पुढे ९९७ मध्ये प्रशियन लोकांनी त्याला मारलं, पोलंडचा ड्यूक बोलेस्वाव (पुढे राजा) याने पैसे मोजून त्याचा देह आणला. पोलंडमधल्या ग्न्येझ्नोच्या कॅथेड्रलच्या बाराव्या शतकातल्या कांस्य दारांवर १८ चौकटींत ही सगळी गोष्ट कोरलेली आहे, देहाच्या खरेदीसकट. पोलंडचाच संरक्षक संत म्हटल्यावर नाव घरोघरी पोचणारच. पोलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष यारुझेल्स्की वोइचेख, फुटबॉलचा गोलकीपर श्चेन्स्नीही वोइचेखच.

आमच्या टीममध्ये एक वोइचेख होता. ईमेलमधलं Wojciech हे स्पेलिंग बघून सगळे त्याला 'वोजसिच' म्हणायचे. शेवटी तोच म्हणाला, वोइतेक म्हणा. पण त्याच्या बायकोचा फोन आला की पलीकडून ऐकू यायचं 'वोइत्कू!' मला वाटलं, लाडाचं आणखी एक नाव. तर ते चक्क संबोधन! पोलिशमध्ये ही विभक्ती विशेषनामांनाही लागते आणि लागताना वोइतेकसारख्या नावात मधला स्वर गळतो. आपल्या उंदीरचं हाक मारताना 'उंदरा' होतं ना, अगदी तसंच. (ही तुलना त्याला सांगितली, फारशी आवडली नाही.)