सेवा फादरांनीच करायची का?

'श्रद्धा आता रविवारच्या मिसेपुरती, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेपुरती उरली, बाकीची सेवा फादर बघतील' असं कुणीतरी म्हटलंय. शहरातलं ठाऊक नाही, पण गोव्यात बार्देशातल्या आमच्या वाड्यावर तरी हे पटण्यासारखं नाही. सायबिणीची, म्हणजे मारियामातेची मूर्ती इथे रोज संध्याकाळी एका घरातून शेजारच्या घरी जाते. फादर लागतच नाहीत. शेजारीच रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात, लदाईन (मारियेची स्तुतिप्रार्थना) गातात, मग उकडलेले चणे वाटतात.

आमच्या शेजारच्या मावशींची मुलं बोटीवर कामाला. एरवी त्यांचं दार लोटलेलंच. सायबीण यायची म्हणून वाड्यावरच्या पोरांनी जळमटं काढली, बल्ब बदलला, आमच्या घरून अबोलीची फाती (फुलांची माळ) गेली. तेव्हापासून त्यांचा बाजार वाड्यावरचंच कुणीतरी आणून देतं.