मदत हवी आहे: काकांचं सेसना 152 माझ्या नावावर करायचंय, आर्क, विमा आणि रेडिओ परवानाही त्याच सुमारास आलेत

मांजराकाठ:

नमस्कार. विमानाच्या कागदपत्रांतल्या जाणकारांची मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट विचारलं की उत्तरंही अर्धवट मिळतात.

माझ्या सख्ख्या काकांचं दोन सीटचं सेसना 152 आहे. निव्वळ हौसेचं विमान. भाड्यानं देणं नाही की शिकवणं नाही. आमचं घर लातूर जिल्ह्यात, आणि विमान जवळच्या धावपट्टीवर हँगरमध्ये असतं. तब्येतीमुळे काकांनी उडवणं कधीच थांबवलं. माझ्याकडे पीपीएल (खासगी वैमानिकाचा परवाना) आहे, उडवते मीच. पण कागद आजपर्यंत एकट्या काकांनी सांभाळले. परवा त्यांनी पत्र्याची पेटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "बाई, आता तूच बघ हे सगळं. मला ते बारीक अक्षर दिसंना झालंय." विमानही ते माझ्या नावावर करून देणार आहेत.

पेटी मात्र बघण्यासारखी आहे. विमानाचं लॉगबुक, इंजिनाचं लॉगबुक आणि जर्नी लॉग, प्रत्येक जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मध्ये डांबरगोळ्या. दुरुस्तीच्या प्रत्येक नोंदीला सुट्या भागाचं रिलीज सर्टिफिकेट टाचलेलं. कशाची मुदत कधी संपते ते कालनिर्णयच्या मागच्या पानांवर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, आणि तीच पानं फाडून फायलीत लावलेली. एवढ्या निगुतीनं कोणी कागद ठेवले असतील असं मला वाटत नाही. अडचण एवढीच की या सगळ्याचा क्रम काकांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही.

आता प्रश्न. आर्क म्हणजे एअरवर्दीनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट (विमान उडण्यालायक असल्याचा तपासणीचा दाखला) दिवाळीनंतर संपतंय. विमा त्याच्याच आगेमागे. रेडिओचा परवाना वर्षअखेरीला. यातलं आधी काय करू? काकांच्या नावावर असतानाच सगळं नूतनीकरण करून घ्यावं आणि मग मालकी बदलावी, की आधी मालकी? आर्क काकांच्या नावावर निघालं आणि पुढच्याच महिन्यात मालक बदलला तर ते पुन्हा काढावं लागतं का?

दुसरं असं की नोंदणी प्रमाणपत्रावर एका बँकेचा उल्लेख आहे. काकांनी विमान घेताना कर्ज काढलं होतं, ते फेडूनही पुष्कळ वर्षं झाली. त्यामुळे काही अडतं का?

तिसरं, ईजीसीएच्या (डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ऑनलाइन पोर्टलच्या) खात्याला काकांचा मोबाईल जोडलेला आहे. ओटीपी त्यांच्या फोनवर येतो आणि ते शेतावर असतात.

आणि शेवटचं. आमच्याकडे येणारे एएमई (विमान देखभालीचे परवानाधारक अभियंते) पुण्याकडून येतात. एका विमानासाठी एवढं लांब येणं त्यांना परवडत नाही, म्हणून इकडची दोन-चार कामं साठली की येतात. मराठवाड्यात किंवा सोलापूरच्या बाजूला कोणाचं लहान विमान असेल तर तपासणी एकत्र ठरवता येईल का?

विमान महिनोन्महिने नुसतं उभं राहू नये ही मनापासून तळमळ आहे. लायकॉमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन बरेच दिवस फिरलं नाही की त्यावरचं तेल ओघळून जातं आणि गंज धरायला लागतो. पिटो ट्यूबला (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीला) कव्हर नसेल तर आमच्या इकडं कुंभारीण माशी त्यात चिखल भरून ठेवते. कागदाची एक मुदत हुकली तर त्याचा भुर्दंड असा विमानाला बसतो. कृपया मार्गदर्शन करावं.

जुनं_लॉगबुक:

ताई, काकांना माझा नमस्कार सांगा. फायली अशा ठेवणारा मालक असला की तपासणीला येणाऱ्या माणसाचं अर्धं काम झालेलं असतं.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे: कागद कोणाला चिकटलेला आहे? काही कागद विमानाचे असतात, काही मालकाचे, काही वैमानिकाचे. पेटीतले सगळे कागद जमिनीवर पसरा आणि त्यांचे तीन ढीग करा. क्रम आपोआप दिसेल.

एअरवर्दीनेस सर्टिफिकेट आणि आर्क विमानाचे. त्यांवर विमानाचा प्रकार, अनुक्रमांक आणि व्हीटीने सुरू होणारी नोंदणी असते, मालकाचं नाव नसतं. त्यामुळे मालक बदलला म्हणून चालू मुदतीतलं आर्क बाद होत नाही. लॉगबुकं आणि वजनाचा तक्ता हेही विमानाबरोबरच जातात.

नोंदणी प्रमाणपत्र, विमा, रेडिओचा परवाना, कॅमोशी (विमानाच्या देखभालीवर लक्ष ठेवणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेशी) केलेला करार, हँगरचा करारनामा, ईएलटीची (अपघातात आपोआप संकेत पाठवणाऱ्या संचाची) नोंद हे सगळे मालकाचे. मालक बदलला की यातल्या एकेकाला हात लावावाच लागतो. देखभालीचा कार्यक्रम म्हणजे एएमपी हा मधला आहे. तो या विमानासाठीच लिहिलेला असतो, पण तो पाळण्याची जबाबदारी मालक घेतो, म्हणून तोही नव्या नावाने करून घ्या.

तुमचा परवाना, एफआरटीओएल (विमानातून रेडिओवर बोलण्याचा परवाना) आणि क्लास 2 मेडिकल (वैद्यकीय दाखला) हे तुमचे. त्यांचा या व्यवहाराशी संबंध नाही, पण त्यांच्या तारखा त्याच वहीत लिहा.

माझं स्पष्ट मत: आर्क चालू आहे तोवर मालकीचा अर्ज करा, आणि तो अर्ज चालू असताना वार्षिक तपासणी उरका. उलट केलंत तर विमा आणि रेडिओ परवाना आधी काकांच्या नावावर भराल आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तुमच्या नावावर. पैसा आणि वेळ दोन्ही दुप्पट.

मालकी बदलाचा अर्ज सीए-28 नमुन्यात, आता ईजीसीएवरून. शुल्क भारतकोश या सरकारी पोर्टलवरून. ईजीसीएसाठी काकांचा ओटीपी मागत बसू नका. तुमचं स्वतःचं खातं उघडा. नवी मालक तुम्ही आहात, पुढचे सगळे अर्ज तुमच्याच खात्यातून जायला हवेत. काकांच्या खात्यातून फक्त त्यांच्या बाजूची संमती आणि जुनी कागदपत्रं लागतील, तेवढ्यासाठी एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसा.

बँकेचं मात्र आधी बघा. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही, तसंच हे. बँकेकडून कर्ज फिटल्याचं आणि हरकत नसल्याचं पत्र घ्या. ते हातात नसेल तर मालकीचा अर्ज तिथेच थांबेल. बँकेची शाखा विलीन झाली असेल तर शोधायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यांत पहिलं पत्र हेच.

सीए_परभणी:

वरचा प्रतिसाद उत्तम. कराच्या बाजूने थोडी भर घालतो.

काका विमान भेट म्हणून देत असतील तर बक्षीसपत्र करा. जंगम वस्तूची भेट नोंदणीकृत दस्तानं किंवा प्रत्यक्ष ताबा देऊन पूर्ण होते, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 123 सांगतं. पण कायद्याला ताबा पुरेसा असला तरी इथे लेखी दस्त हवाच, कारण नोंदणीच्या अर्जाला मालकी कशी आली याचा पुरावा जोडावा लागतो. आयकरासाठी आई किंवा वडिलांचा सख्खा भाऊ नातेवाईकाच्या व्याख्येत बसतो, त्यामुळे काकांकडून पुतणीला आलेल्या भेटीवर तुम्हाला कर नाही.

एक काळजी जरूर घ्या. दस्तावर जी तारीख पडेल त्या दिवसापासून विमान काकांचं राहत नाही. विमा मात्र काकांशी केलेला करार आहे. विमा कंपनीने तुमचं नाव पॉलिसीवर चढवून एंडॉर्समेंट दिल्याशिवाय त्या तारखेनंतर एकही उड्डाण करू नका. काही झालं तर दावा उभा राहणार नाही. दस्ताची तारीख, नोंदणीचा अर्ज आणि विम्याची एंडॉर्समेंट हे तिन्ही एकाच आठवड्यात बसवा, आणि तो आठवडा विमान हँगरमध्ये असेल असा निवडा.

गोदाकाठची:

ताई, मी छत्रपती संभाजीनगरची. माझं स्वतःचं विमान नाही, पण एका लहान विमानाच्या देखभालीचे कागद मी बघते. रेडिओ आणि ईएलटी या दोन गोष्टींकडे लोकांचं लक्ष सगळ्यांत कमी असतं, म्हणून त्यांच्यावरच लिहिते.

विमानातल्या रेडिओचा परवाना दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा देते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. भारतीय वायुयान अधिनियम 2024 हा 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला आणि रेडिओवर बोलण्याचा दाखला म्हणजे आरटीआर देण्याचे अधिकार डीजीसीएकडे आले. त्यामुळे रेडिओचं सगळंच तिकडे गेलं असा पुष्कळांचा समज झालाय. आरटीआर हा बोलणाऱ्या माणसाचा दाखला आहे. विमानात बसवलेल्या संचाचा परवाना वेगळा. त्या परवान्यात कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा संच आहे ते लिहिलेलं असतं. काकांनी मध्ये कधी रेडिओ किंवा ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारा संच) बदलला असेल तर परवान्यावरचं मॉडेल आणि पॅनेलमध्ये बसलेलं मॉडेल जुळतंय का ते टॉर्च लावून स्वतः बघा. जुळत नसेल तर नावाच्या बदलाबरोबरच तीही दुरुस्ती करून घ्या.

ईएलटीचं जास्त महत्त्वाचं. उपग्रहांनी 121.5 मेगाहर्ट्झचा संकेत ऐकणं 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद केलं. आता 406 मेगाहर्ट्झचाच संकेत उपग्रह उचलतात. प्रत्येक संचाला स्वतःचा सांकेतिक क्रमांक असतो आणि आपल्याकडे त्याची नोंद बेंगळुरूच्या इंडियन मिशन कंट्रोल सेंटरकडे होते. संकेत आला की ते नोंदीत दिलेल्या क्रमांकावर फोन लावून विचारतात, विमान खरंच बाहेर आहे का. त्या नोंदीत काकांचा जुना लँडलाइन असेल आणि तो बंद असेल तर ऐन वेळी तिकडून कोणाशी बोलणार? तुमचा नंबर द्याच, शिवाय घरातल्या अशा माणसाचाही द्या जो तुम्ही हवेत असताना जमिनीवर असतो. बॅटरीवरची मुदतही बघून घ्या, ती संचाच्या अंगावरच छापलेली असते.

एएमईंबद्दल: तारीख ठरवायच्या आधी त्यांना अमेरिकेच्या एफएएची (तिथल्या विमान वाहतूक नियामकाची) एडी 2011-10-09 ही सक्तीची सुरक्षा सूचना आठवणीत आहे ना, ते विचारा. सेसनाच्या सीट रेलची आहे. दर 100 तासांनी किंवा 12 महिन्यांनी तपासणी. रेलमधली भोकं झिजून लांबट होतात, मग सीटची पिन त्यात नीट बसत नाही, आणि टेकऑफला सीट मागे सरकली की वैमानिकाचा हात योकसकट (विमानाच्या स्टीअरिंगसकट) मागे येतो. तुम्ही स्वतः सीट काढून रेल चिंध्यांनी पुसून ठेवा. आमच्या भागातली काळी माती त्या भोकांत अशी घट्ट बसते की झीज दिसतच नाही.

मांजराकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन ढिगांची कल्पना काकांना वाचून दाखवली. ते लगेच उठून बसले आणि कोणता कागद कुठल्या ढिगात जाईल ते सांगायला लागले. रेडिओ काकांनी बदललेला आहे आणि परवान्यावर जुनंच मॉडेल दिसतंय, त्यामुळे गोदाकाठची ताई, तुमचा प्रतिसाद अगदी वेळेवर आला.

अजून एक विचारायचं राहिलं. समजा एएमईंना यायला उशीर झाला आणि आर्क मधेच संपलं, तर विमान पुण्याकडे नेऊन तपासणी करून घेता येते का?

जुनं_लॉगबुक:

नेता येतं, पण नेहमीसारखं उडवून नाही. त्यासाठी डीजीसीएकडून स्पेशल फ्लाइट परमिट घ्यावं लागतं. आधी एएमईंनी विमान बघून ते त्या एका उड्डाणासाठी सुरक्षित असल्याचं लिहून द्यायचं, मग परमिट. प्रवासी नेता येत नाही, आणि परमिटमध्ये लिहिलेल्या मार्गानेच जायचं. एडीसी (हवाई संरक्षणाची मंजुरी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्राचा) क्रमांक नेहमीप्रमाणे लागतातच. म्हणजे एएमईंना एकदा तुमच्याकडे यावंच लागतं. ते येणारच असतील तर त्याच फेरीत तपासणी का उरकू नये? म्हणून त्यांना मुदतीच्या तीन महिने आधी तारीख मागा आणि ती लेखी घ्या.

आणखी एक. इंजिन ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्ती) होऊन किती वर्षं झाली ते इंजिनाच्या लॉगबुकात बघा. हौसेच्या विमानाचे तास फार भरत नाहीत, म्हणून मालक निर्धास्त असतो. पण लायकॉमिंग तासांबरोबर 12 वर्षांचीही मर्यादा सांगते. ते वर्ष जवळ आलं असेल तर विमान नावावर करून घेण्याआधी काकांशी खर्चाचं बोलून घ्या, ही रक्कम बाकी सगळ्या शुल्कांपेक्षा कितीतरी मोठी असते.

धाराशिव_गगन:

मांजराकाठ ताई, आमचं तिघांत मिळून एक लहान विमान आहे, सोलापूरच्या बाजूला असतं. आमची वार्षिक तपासणीही दिवाळीच्या सुमारासच येते. एएमईंना दोन विमानांचं काम एका फेरीत देऊ, जाण्यायेण्याचा आणि मुक्कामाचा खर्च निम्मा निम्मा. अ‍ॅवगॅसचंही (लहान विमानांच्या पेट्रोलचंही) तसंच करता येईल. 2022 पासून इंडियन ऑइल बडोद्याला अ‍ॅवगॅस 100 एलएल बनवायला लागली, पण आपल्यासारख्यांना ते शेवटी पिंपानेच आणावं लागतं. एका पिंपात 200 लिटर, तुमचं 152 तासाला साधारण 22-23 लिटर पितं. दोघांनी मिळून मागवलं तर वाहतूक परवडते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय, त्यात आमच्या एएमईंच्या मोकळ्या तारखा देतो.

मांजराकाठ:

व्यनि मिळाला, उत्तर पाठवलंय. तारखांपैकी पहिली आम्हाला चालेल, सीट आम्ही आदल्या दिवशीच काढून ठेवू. बँकेची ती शाखा आता दुसऱ्या शाखेत विलीन झाली आहे असं कळलं, काका सोमवारी स्वतः माझ्यासोबत येणार आहेत. इंजिनाचं ओव्हरहॉल काकांनी ज्या वर्षी केलं त्यावरून अजून चार वर्षं हातात आहेत. मालकीचा अर्ज भरताना कुठे अडलं तर याच धाग्यावर विचारेन.