एमसीबी पाडला तरी डिस्पेंसरमध्ये करंट

जंक्शन_बॉक्स: पेट्रोल पंपावर चार डिस्पेंसर (गाडीत पेट्रोल भरायची यंत्रं), टाकीत एकच सबमर्सिबल, म्हणजे बुडवलेला पंप. एका डिस्पेंसरचा रिले बदलायचा आहे. त्याचा एमसीबी पाडला, डिस्प्ले विझला, तरी बॉक्समधल्या एका टर्मिनलवर मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. शेजारच्या डिस्पेंसरचा नोझल उचलला की येतं, ठेवला की जातं. वायर कुठे चिकटली असेल? शिवाय झाकणाच्या आठपैकी एका बोल्टचे आटे गेलेत. सात घट्ट आहेत, चालेल ना?

फेज_न्यूट्रल: वायर चिकटलेली नाही. नोझल उचलला की डिस्पेंसर सबमर्सिबलच्या रिलेला सिग्नल देतो. चौघांचे सिग्नल एकाच टर्मिनलला थेट जोडलेले असले की शेजारचा सिग्नल तुमच्या बंद डिस्पेंसरमध्ये उलटा शिरतो. त्यामुळे काम एकाचं असलं तरी चारही डिस्पेंसर आणि सबमर्सिबलचं मेन बंद करा. प्रत्येक स्विचला कुलूप लावा आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवा. न्यूट्रलही तुटायला हवा, म्हणून डबल पोल स्विच. कायमचा उपाय म्हणजे दर डिस्पेंसरच्या सिग्नलला वेगळा आयसोलेशन रिले, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्यात उलटा जात नाही. डिस्पेंसरच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला यूपीएसची लाइन वेगळी असेल तर तीही पाडा. इमर्जन्सी स्टॉपने ती जाईलच असं नाही.

वाफ_जड_असते: मला काळजी दुसरीच वाटते. आत व्होल्टेज असताना झाकण उघडलं, त्या क्षणी तो बॉक्स फ्लेमप्रूफ (आतली ज्वाळा बाहेर न जाऊ देणारा) राहिला नाही. साध्या मीटरची टोकंही ठिणगी पाडतात. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन-चारपट जड, ती डिस्पेंसरखालच्या खड्ड्यात साचते आणि हवेत साधारण 1.4 टक्के झाली की पेट घेऊ शकते. म्हणून पुरवठा आधी पॅनेलच्या खोलीत तपासा: मीटर चालू लाइनवर, मग बंद केलेल्या लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. डिस्पेंसरपाशी आल्यावर शिअर व्हॉल्व्ह (डिस्पेंसरखालच्या पेट्रोलच्या पाइपवरचा, धक्का बसला की आपोआप बंद होणारा) बंद करा, गॅस डिटेक्टर खड्ड्याच्या तळापर्यंत सोडा, मगच झाकण. वासावर भरवसा नको, नाक लवकर सरावतं.

फ्लेमपाथ: सात बोल्ट चालणार नाहीत. हा बॉक्स वाफेला आत शिरण्यापासून रोखत नाही. आत स्फोट झालाच तर झाकणाच्या सांध्यातल्या अरुंद फटीतून बाहेर पडताना ज्वाळा थंड होऊन विझते, हे त्याचं काम. एक बोल्ट नसला की स्फोटाच्या दाबाने तिथली फट रुंदावते. सिलिकॉन भरणं, कानस मारणं, रंग देणं, मोठे आटे पाडणं, यातलं काहीही करू नका. सांध्याला न सुकणारं, उत्पादकाने मान्य केलेलं ग्रीस, तेही पातळ. आटे दुरुस्तीसाठी बॉक्स फ्लेमप्रूफ कामाची मान्यता असलेल्या वर्कशॉपकडे द्या, तोवर तो डिस्पेंसर बंदच.

जंक्शन_बॉक्स: सगळं पाडून कुलूप लावलं. पॅनेलवरची सिग्नल वायर सोडवून बाकी तीन चालवता येतील का?

फेज_न्यूट्रल: झाकण उघडं असेपर्यंत नको. शेजारी गाडी भरताना तिच्या टाकीतली वाफ बाहेर पडते आणि ती तुमच्या खड्ड्याकडेच उतरते.