पांढऱ्या पायाचे किस्से : ‘त्यानंतर घडले’ म्हणजे ‘त्यामुळे घडले’ का?

रामबागची पुतणी :
काल आमच्या इमारतीच्या बैठकीत पाण्याची मोटर जळाल्याचा विषय निघाला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका शांतपणे म्हणाले, “दुसऱ्या मजल्यावर नवे भाडेकरू आले तेव्हापासूनच हे सुरू झालंय.” मोटर चौदा वर्षांची आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते, तरीही चार माना डोलल्या आणि मला एकदम आमच्या काकूंची आठवण झाली.

काकू १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खांडव्याहून लग्न होऊन इंदूरला आल्या. वैशाखात लग्न झाले आणि पुढच्या थंडीत आजोबा कामाला होते ती कापड गिरणी बंद पडली. आजीने जे म्हणायचे ते मोठ्याने एकदाच म्हटले. मात्र त्यानंतर कितीतरी वर्षे घरातून कोणी महत्त्वाच्या कामाला निघाले की काकूंना आधी स्वयंपाकघरात काहीतरी ढवळायला बोलावले जाई, म्हणजे त्या दारात आडव्या येऊ नयेत. गॅसवर काहीही नसताना हातात पळी धरून उभ्या असलेल्या काकू मला अजून दिसतात.

आपल्याही घरी असे काही घडले असेल तर अवश्य लिहावे.

सराफ्यातला खवय्या :
आमच्याकडे हा प्रकार फक्त क्रिकेटपुरता आहे. ८ डिसेंबर २०११ रोजी होळकर स्टेडियमवर सेहवागने वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ धावा केल्या, त्या वेळी मी घरी पलंगाच्या कोपऱ्यावर एक पाय खाली सोडून बसलो होतो आणि वडिलांनी मला डाव संपेपर्यंत उठू दिले नाही. पायाला मुंग्या आल्या, तरीही ते म्हणाले, “हलू नकोस, देशाचा प्रश्न आहे.”

लष्करची लेक :
खवय्येदादा, आम्ही ग्वाल्हेरकर तुमच्या आधीचे. २४ फेब्रुवारी २०१० ला आमच्या रूपसिंह स्टेडियमवर सचिनच्या २०० झाल्या, तेव्हा माझा भाऊ पूर्ण वेळ स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभा होता. तुमच्याकडे बसून द्विशतक होते आणि आमच्याकडे उभे राहून, तेव्हा नेमके काय करावे याचा एकदा निर्णय व्हायला हवा.

वहीखाते :
माझे शीतलामाता बाजारात साड्यांचे दुकान आहे. काही वर्षांपूर्वी धंदा अगदीच बसला होता, म्हणून मेव्हण्याने एका वास्तुतज्ज्ञांना आणले. त्यांनी गल्ला उत्तरेकडे वळवायला सांगितला, आरसा काढायला लावला आणि एकवीस हजार रुपये घेतले. पंधरा दिवसांत गर्दी सुरू झाली आणि मी चार दुकानदारांना त्यांचा फोन नंबर स्वतःहून दिला.

पुढे आयकराच्या कामासाठी मागच्या सहा वर्षांच्या वह्या काढल्या, तेव्हा जे दिसले ते सांगायला आजही लाज वाटते. गृहस्थ आले होते पितृपक्षात. त्या पंधरवड्यात आपल्याकडे कोण नवी साडी घेतो? त्यानंतर नवरात्र, मग दिवाळी आणि पाठोपाठ लग्नसराई, हा चढ सहाही वर्षांच्या वह्यांत जवळजवळ सारखाच होता, गल्ला पूर्वेकडे असतानासुद्धा. त्यांच्या व्यवसायाचे खरे कौशल्य दिशा ओळखण्यात नसून, माणूस सर्वांत हवालदिल असेल तेव्हा त्याच्या दारात हजर होण्यात आहे, असे माझे मत झाले आहे. गल्ला मात्र अजून उत्तरेकडेच आहे, कारण परत वळवायचा म्हटले की सौभाग्यवती घाबरतात.

भोपाळचा जावई :
वहीखातेसाहेबांचा मुद्दा बेडकांनाही लागू पडतो. पाऊस लांबला की आपल्या मध्य प्रदेशात बेडकांचे लग्न लावतात, आणि ते लागते आषाढ कोरडा जाऊ लागला की, म्हणजे पाऊस तसाही कधीही येईल अशा दिवसांत. २०१९ साली भोपाळमध्ये जुलैत असे लग्न लागले आणि नंतर पाऊस इतका झाला की सप्टेंबरात त्याच जोडप्याचा विधिपूर्वक घटस्फोट करावा लागला. पोटगीचे काय झाले ते कळले नाही.

लसटोचणी बाई :
ड्यूटीवरून थोडक्यात लिहिते. मी परिचारिका आहे. गोवर-रुबेलाची दुसरी लस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिली जाते आणि मूल बोलत नाही, हाकेला बघत नाही, हे आईवडिलांच्या लक्षात येऊ लागते तेही साधारण याच वयात. त्यामुळे “सुई दिल्यावर माझं बाळ बोलायचं थांबलं” असे सांगणारी आई खोटे बोलत नसते. तिने क्रम बरोबर पाहिलेला असतो. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या बारा मुलांवरून अशाच एका लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध सुचवणारा लेख आला होता, तो २०१० मध्ये मागे घेण्यात आला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण वेगळे आढळले नाही.

मात्र मला दुसऱ्या बाजूनेही भांडावे लागते. त्रिगुणी लशीनंतर दुसऱ्या दिवशी येणारा ताप बहुतेक वेळा खरोखरच लशीमुळे असतो. तिथे “योगायोग आहे हो” असे सांगून मोकळे झालो, तर ती आई पुढच्या वेळी येतच नाही. नंतर घडलेली प्रत्येक गोष्ट योगायोग नसते, म्हणूनच लस न घेतलेल्या मुलांकडेही पाहावे लागते.

जुना मास्तर :
मी बत्तीस वर्षे गणित शिकवले आणि त्यातली निदान वीस वर्षे असे मानत आलो की मुलांना रागावल्याने गुण वाढतात आणि कौतुकाने ती बिघडतात, कारण माझ्या गुणपत्रकात दरवर्षी तसेच दिसत असे. पुढे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांचा अनुभव वाचनात आला. इस्रायली हवाई दलाचे प्रशिक्षक त्यांना हेच सांगत होते, की उत्तम उड्डाणानंतर शाबासकी दिली तर पुढचे उड्डाण बिघडते आणि वाईट उड्डाणानंतर ओरडले तर पुढचे सुधारते. काहनेमन यांचे म्हणणे असे, की फार चांगल्या किंवा फार वाईट दिवसात नशिबाचा वाटा असतोच आणि पुढच्या वेळी माणूस आपल्या नेहमीच्या पातळीकडे येतो, तुम्ही ओरडा किंवा ओरडू नका. ज्यांना मी सहामाहीनंतर बाकावर उभे केले, त्यांतले बरेच जण वार्षिक परीक्षेपर्यंत आपोआपच सावरले असते. त्यांतला एक आता माझा दंतवैद्य आहे, त्यामुळे विषय इथेच थांबवतो.

तालवृक्ष :
संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. मराठीत कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. परंतु आपल्याच भाषेत याची परीक्षाही सांगून ठेवली आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही : कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. संशयित कारण बाजूला करून पाहा आणि तरीही तेच घडते का ते बघा. पुतणीताई, तुमच्या इमारतीत भाडेकरूंना झाकण्याऐवजी मोटरचे बिल पाहावे.

साच्यावरचा :
पुतणीताई, आपले आजोबा कोणत्या गिरणीत होते ते विचारत नाही, पण माझे वडील त्या काळात इंदूरच्याच एका गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत. ती बंद पडण्याच्या आदल्या दिवाळीला बोनस मिळाला नव्हता, होळीपासून रात्रपाळी बंद होती आणि पगार दोन-दोन महिने थकत होते. साचे जुने होते, आणि बुऱ्हाणपूर-भिवंडीच्या यंत्रमागांवरचे कापड आमच्या कापडापेक्षा स्वस्त पडत होते. लग्न वैशाखात झाले असेल, तर एकदा घरी विचारून पाहा.

रामबागची पुतणी :
विचारले. बाबांना आठवले की त्या दिवाळीला आमच्याकडेही बोनस आला नव्हता आणि लग्नाचा मांडव आजोबांनी उधारीवर घातला होता. म्हणजे त्यांना ठाऊक होते. सुनेला मात्र कोणी सांगितले नाही.

काकूंना साच्यावरच्या दादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला आणि म्हणाल्या, “म्हणजे मी यायच्या आधीच गिरणीचे पाय पांढरे झाले होते तर.” मग कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून गॅस बंद करायला उठल्या.