ख्रिसमसच्या सुट्टीत बघायला चित्रपट सुचवा (साखरपाकातले नकोत)

मधली_सून

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळे घरी आहोत आणि रोज संध्याकाळी एक चित्रपट असा बेत ठरलाय. प्रेक्षकवर्ग असा: सासूबाई (जुने कृष्णधवल चित्रपट जीव की प्राण, मारामारी सुरू झाली की उठून जातात), नवरा (काहीही बघतो, अर्ध्यावर घोरायला लागतो), नऊ वर्षांची लेक आणि मी.

गेल्या वर्षी आम्ही ते एकाच साच्यातून काढलेले बघितले. शहरातली कामात बुडालेली मुलगी गावाकडे जाते, तिथे चौकड्यांचा शर्ट घातलेला देखणा विधुर भेटतो, शेवटी बर्फ पडतो. तीन दिवसांत कोणत्या चित्रपटात कोण होतं तेच आठवेना. 'होम अलोन' लेकीला तोंडपाठ आहे. तर ज्यात ख्रिसमस आहे पण डोकं बाजूला काढून ठेवावं लागत नाही असं काही सुचवा. लेकीसोबत कोणते आणि ती झोपल्यावर कोणते, हेही सांगा म्हणजे उपकार होतील.

फुकटचा_सल्लागार

पाठ असला तरी 'होम अलोन' यादीतून काढू नका. यंदा फक्त ऐकायचं म्हणून लावा, संगीत जॉन विल्यम्सचं आहे. आणि त्यातला छोटा केविन तो जुना गुंडांचा कृष्णधवल चित्रपट लावून पिझ्झावाल्याला घाबरवतो ना, तसा चित्रपट कधी नव्हताच. तेवढा तुकडा खास या चित्रपटासाठी नव्याने चित्रित केला होता. मी कित्येक वर्षं तो शोधत होतो.

रात्रपाळी

लेकीचं नंतर बघू, आधी तुमच्या सासूबाई.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. सणावाराला ड्यूट्या लावताना "तुम्हाला काय हो, तुमची मुलं मोठी झाली" म्हणून ज्यांना धरतात, त्यांतली मी. त्यामुळे ख्रिसमसच्या चित्रपटात झाडाखाली कोणाला काय भेट मिळाली याचं मला फारसं कौतुक नसतं. मी बघते, त्या रात्री कामावर कोण आहे. आणि बघा हं, जे चित्रपट टिकलेत त्यांतले बरेचसे याच माणसांचे निघतात. तुमच्या त्या साच्यातल्या चित्रपटांत नायिकेने नोकरी सोडली की शेवट गोड होतो. चांगल्या चित्रपटांत नोकरी तशी सुटत नाही.

सुरुवात 'द शॉप अराउंड द कॉर्नर'ने करा. १९४० सालचा, दिग्दर्शक अर्न्स्ट ल्युबिच. बुडापेस्टमधलं चामड्याच्या पाकिटा-बॅगांचं दुकान आणि त्यातली पाच-सहा नोकरमाणसं. जेम्स स्ट्युअर्ट आणि मार्गारेट सुलव्हन दुकानात एकमेकांना पाण्यात बघतात आणि निनावी पत्रांतून एकमेकांच्या प्रेमात असतात. (हो, १९९८च्या 'यू हॅव गॉट मेल'ची गोष्ट इथूनच आली.) पण ती प्रेमकथा एक वेळ बाजूला ठेवा. ल्युबिचचे वडील बर्लिनमध्ये शिंपी होते आणि तो स्वतःही त्यांच्या दुकानात राबलेला होता. ते कळतं. मालक मत समोर टाकतो तेव्हा कोण लगेच मान डोलावतो, कोण हळूच जिन्यावरून सटकतो, नोकरी गेलेला माणूस किल्ली परत देताना कसा उभा राहतो, हे त्याला बसल्या जागी सुचलेलं नाही.

आणि शेवटाकडचा एक प्रसंग. ख्रिसमसची आदली संध्याकाळ, दुकानात कित्येक वर्षांतला सगळ्यात मोठा गल्ला जमलाय. म्हातारे मालक मॅटुशेक बाहेर बर्फात उभे आहेत. त्यांचा संसार नुकताच मोडलाय, त्या रात्री जेवायला सोबत कोणी नाही. एकेक कामगार बाहेर पडतो, मालक प्रत्येकाला सहज विचारल्यासारखं विचारतात, आज काय बेत? कोणी आईकडे चाललंय, कोणाची बायकामुलं वाट बघतायत. मालक "वा, छान" म्हणत राहतात. शेवटी बाहेर येतो नवा पोऱ्या, रूडी, नुकताच कामाला लागलेला. त्याचं या शहरात कोणी नाही. मग मॅटुशेक त्याला सूपपासून ॲपल स्ट्रूडलपर्यंत अख्खं जेवण बोलून दाखवतात आणि त्या पोराचं तोंड बघत राहतात. कोणी रडत नाही, व्हायोलिनं कोकलत नाहीत. मी मात्र दर वेळी चष्मा पुसते.

दुसरा 'इट्स अ वंडरफुल लाइफ', १९४६, फ्रँक काप्रा. आत्महत्येच्या विचारापर्यंत आलेल्या माणसाची गोष्ट आहे, तेव्हा लेक झोपल्यावर. यात २४ डिसेंबरला ऑडिटर येऊन बसलाय! त्यालाही बिचाऱ्याला सणाला आपल्या घरी पोचायचंय, आणि इकडे आठ हजार डॉलर सापडत नाहीयेत. ज्याने कधी वर्षअखेरीचे हिशेब जुळवलेत त्याला त्या कार्यालयाच्या दृश्यात घाम फुटेल.

तिसरा 'द अपार्टमेंट', बिली वाइल्डर, १९६०. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर यालाच. विमा कंपनीतला कारकून (जॅक लेमन) बढतीसाठी आपलं घर साहेबांना त्यांच्या भानगडींकरता वापरायला देतो. ऑफिसातली ख्रिसमस पार्टी रंगात आलीय, आणि लिफ्ट चालवणाऱ्या मिस क्युबेलिकच्या तडा गेलेल्या आरशात बघताना जॅक लेमनला सगळा उलगडा होतो. तो फक्त म्हणतो, आरसा फुटलाय. तिचं उत्तर मी इथे देत नाही, ऐकाच. हाही लेकीसाठी नाही, सासूबाईंचं तुम्ही ठरवा.

कातरवेळ

रात्रपाळीताई, बाकी सगळं मान्य, पण 'वंडरफुल लाइफ' साखरपाकातला नाही? देवदूत काय, घंटा काय, शेवटी सगळं गाव पैसे घेऊन दारात. धागाकर्तीने नेमकं तेच नको म्हटलंय.

रात्रपाळी

@कातरवेळ, शेवटची दहा मिनिटं गोड आहेत, खरं. पण पॉटरचं काय होतं ते आठवा. त्या थेरड्या सावकाराच्या हातात ते आठ हजार पडतात, तो ते चूपचाप दाबतो आणि चित्रपट संपेपर्यंत त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. ना पोलीस, ना पश्चात्ताप. गाव पैसे गोळा करतं म्हणजे एका श्रीमंताने मारलेला डल्ला शंभर गरीब मिळून भरतात. आणि नायक जॉर्जला (इथेही जेम्स स्ट्युअर्टच) जगप्रवास करायचा होता तो होतच नाही, आयुष्यभर त्याच कचेरीत. याला गोड म्हणायचं तर म्हणा बापडे.

शिवाय तेव्हा हा चित्रपट चाललाच नव्हता. पाच ऑस्कर नामांकनं मिळाली, गल्ला नाही. पुढे १९७४मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण व्हायचं राहिलं, आणि टीव्हीवाल्यांना आयता फुकटचा चित्रपट मिळाला. मग काय, डिसेंबर आला की लाव, परत लाव. लोकांच्या मनात तो असा घुसला. म्हणजे आज ज्याला ख्रिसमसच्या चित्रपटांचा राजा म्हणतात तो कुणाच्या तरी कार्यालयीन विसरभोळेपणामुळे. आमच्या खात्यात अशा विसरभोळेपणातून इतकं चांगलं कधी निघालं नाही.

बर्फाचंही सांगते. त्याआधी पडद्यावरचा बर्फ म्हणजे बहुतेकदा पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स असायचे. त्यावर पाय पडला की कुरकुर आवाज, संवाद नंतर डब करावे लागायचे. काप्राला ते नको होतं. मग त्याच्या लोकांनी आग विझवायच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून न वाजणारा बर्फ बनवला. चित्रीकरण भर उन्हाळ्यात! पुलावरच्या प्रसंगात स्ट्युअर्टच्या चेहऱ्याकडे नीट बघा.

सुपारीचं_खांड

कामावरच्या माणसांचाच विषय चाललाय तर 'डाय हार्ड' कसा विसरता? ऑफिसची पार्टी, तीही ख्रिसमसच्या आदल्या रात्री. सर्वोत्तम ख्रिसमस चित्रपट, विषय संपला.

फुकटचा_सल्लागार

आला, आला. दरवर्षी हा वाद कोण काढतं याचीच वाट बघत होतो. अहो, जुलैमध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट तो (१९८८). खुद्द त्यातल्या नायकाने, ब्रूस विलिसने, २०१८मध्ये भर कार्यक्रमात सांगितलं की हा ख्रिसमसचा चित्रपट नाही. आता बोला.

रात्रपाळी

विलिस काही का म्हणेना. जुलैचं म्हणाल तर 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट'सुद्धा १९४७च्या उन्हाळ्याच्या तोंडावरच लावला होता. स्टुडिओच्या झॅनकसाहेबांचं म्हणणं, उन्हाळ्यात लोक जास्त चित्रपट बघतात. त्यात सांताक्लॉज आहे हे जाहिरातीत लपवायची वेळ आली होती. तो ख्रिसमसचा नाही म्हणायची कोणाची छाती आहे?

'डाय हार्ड'ला माझी कसोटी लावून बघा. ख्रिसमस काढून टाका. तो टोलेजंग टॉवर रिकामा का आहे? सुट्टी लागली म्हणून. एकाच मजल्यावर माणसं का? पार्टी म्हणून. नायक मॅक्लेन त्या शहरात का आलाय? बायकोमुलांसोबत सण करायला. सणाशिवाय खलनायक हॅन्स ग्रुबरचा बेतच जमत नाही. (ग्रुबर झालेल्या ॲलन रिकमनचा हा पहिला चित्रपट, खरंच वाटत नाही.) आणि सार्जंट पॉवेल! दुकानातून खाऊ घेऊन निघालेला, घरी बायको गरोदर, आणि वायरलेसवर हुकूम येतो, जाता जाता त्या इमारतीत जरा डोकावून या. 'जाता जाता जरा' या शब्दांनी माझ्या किती रात्री गेल्यात ते मला विचारा. सासूबाई मात्र पहिल्या गोळीलाच उठतील.

जपानी_पंखा

कोणी 'टोकियो गॉडफादर्स' म्हटला नाही म्हणून लिहितोय. २००३, सातोशी कॉन. ॲनिमेशन आहे पण लहान मुलांसाठी नाही. ख्रिसमसच्या रात्री तीन बेघर माणसांना, एक दारुडा, एक तृतीयपंथी, एक घरातून पळालेली मुलगी, कचऱ्यात तान्हं बाळ सापडतं. त्या बाळाची आई शोधत ते बर्फातून शहरभर फिरतात. योगायोग इतके की मोजायचं सोडून द्यावं लागतं, आणि दिग्दर्शकाने ते मुद्दामच केलंय. त्यातलं हाना हे तृतीयपंथी पात्र बघा, बाकी काही सांगत नाही.

रात्रपाळीताईंच्या यादीत हे बसणार नाही, यांना नोकऱ्याच नाहीत.

रात्रपाळी

बसतं की! त्या रात्री सगळ्यात जास्त राबतात तेच. माझा राहून गेलाय, आज रात्री लावते.

मधली_सून

वा, भरभरून लिहिताय सगळे! यादी केलीय. आता लेकीसाठी? तिला भुताखेतांची भीती नाही, पण कंटाळा फार लवकर येतो. आणि डिकन्सची ती कंजूष स्क्रूजची गोष्ट तिला सांगितलीय, तिचे चित्रपट ढीगभर दिसतात. कोणता घेऊ?

रात्रपाळी

आधी 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट', १९४७चाच, नंतरची आवृत्ती नको. सासू-नातीने एकत्र बघावा असा. दुकानात सांताचं काम करणारा म्हातारा म्हणतो मी खराच सांता आहे, आणि प्रकरण कोर्टात जातं. एडमंड ग्वेनला यासाठी ऑस्कर मिळालं. छोटी नताली वूड त्याची दाढी ओढून बघते, तेव्हा तिला काही पटलेलं नसतं. मग एक अनाथ डच मुलगी त्याच्या मांडीवर येऊन बसते, आणि तो सरळ तिच्याशी डचमध्ये बोलायला लागतो. तेव्हा नतालीचा चेहरा बघायचा. खटला शेवटी सुटतो तोही टपालखात्यातल्या एका छाटणीवाल्यामुळे. गोदामात पडून राहिलेली सांताच्या नावची पत्रं त्याला खपवायची असतात, बस्स!

टपालावरून, 'क्लाउस' (२०१९) लेकीला हमखास आवडेल. आळशी श्रीमंत पोराला बाप शिक्षा म्हणून पार उत्तरेकडे पोस्टमन करून पाठवतो, वर्षात सहा हजार पत्रं पोचव नाहीतर वारसा विसर. गाव भांडकुदळ, पत्र कोणी लिहीतच नाही. हाताने काढलेली चित्रं, पण उजेड असा पाडलाय की अंगाला थंडी वाजते.

आणि स्क्रूजसाठी डोळे मिटून 'द मपेट ख्रिसमस कॅरोल', १९९२. स्क्रूज झालेला मायकेल केन खरा माणूस, भोवती बहुतेक सगळ्या कापडी बाहुल्या. त्याने ठरवलं होतं की समोर शेक्सपिअरचे कसलेले नट आहेत असं समजूनच काम करायचं, एकदाही डोळा मारायचा नाही. म्हणूनच ते जमलंय. कचेरीतले उंदीर कारकून कोळसा मागायला येतात, स्क्रूज नोकरीवरून काढायची धमकी देतो, आणि क्षणात सगळे "कसली थंडी, उकडतंय की" म्हणत बेटावरच्या सहलीचा अवतार करून नाचायला लागतात. माझ्या सहकाऱ्यांना हे दृश्य दाखवलं तर कोणी हसेना. दोन मिनिटं शांतता.

एक व्यवहारातलं सांगते. यातलं स्क्रूजच्या वाग्दत्त वधूचं निरोपाचं गाणं चित्रपटगृहातल्या आवृत्तीतून कापलं होतं. लहान मुलं चुळबुळ करतील म्हणून. २०२२मध्ये ते सापडलेल्या मूळ चित्रफितीवरून परत जोडलं. आता डिस्ने प्लसवर दोन्ही आवृत्त्या आहेत. लेकीबरोबर छोटी लावा, तुम्ही दोघी सासवासुना नंतर पूर्ण बघा. ते गाणं नसलं तर शेवटचं गाणं त्याला दिलेलं उत्तर आहे हे कळतच नाही.

तिसरं भूत जरा काळंकुट्ट आहे, चेहरा नसलेलं. पण तिथे गोष्ट सांगणारे गोंझो आणि रिझोच घाबरून म्हणतात, आता तुमचं तुम्ही बघा, आपण शेवटाला भेटू, आणि पळतात. लेक घाबरली तर तिलाही त्यांच्याबरोबर पाणी प्यायला पाठवा.