मदत हवी आहे: उद्या पहिलं ऑनलाइन थेरपी सेशन, आवाज बाहेर जातोय

कुंपणावरची:
उद्या सातला माझं पहिलं थेरपी सेशन आहे, व्हिडिओ कॉलवर. आवाज खोलीबाहेर जाऊ नये म्हणून काय करता येईल? इअरफोन आहेत. दार लागतं पण उपयोग नाही. नेटवर शोधून झालंय, सगळीकडे तेच, 'शांत आणि खासगी जागा निवडा'. ती असती तर इथे कशाला आले असते! उद्याच आहे, प्लीज लवकर सांगा.

खटपट्या:
लॅपटॉप की फोन? राउटर कुठल्या खोलीत आहे? दूर असेल तर वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर राहू नका, मध्ये भिंती आल्या की तो मान टाकतो. २.४ वेगाला कमी, पण पल्ला जास्त. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत हवा, लॅपटॉपखाली दोन-चार जाड पुस्तकं ठेवा. आणि खिडकी पाठीमागे नको, समोरच्याला नुसती काळी सावली दिसते.

कुंपणावरची:
नेट ठीक आहे हो. आवाजाचं विचारलंय.

निवांत:
"दार लागतं पण उपयोग नाही" म्हणजे नक्की काय? कडी नाही, खाली फट आहे, की कोणी न विचारता उघडतं? तिन्हींचे उपाय वेगळे.

कुंपणावरची:
फट आहे. आणि पलीकडे माणसं असतात.

निवांत:
मग आधी ती फट बुजव. जिथून हवा जाते तिथून आवाज जातो. जाड चादर गुंडाळून दाराला आतून लाव. दाराला पाठ टेकून बसू नकोस आणि दाराकडे तोंड करूनही नको, लांबच्या कोपऱ्यात कपडे-गाद्या असतील तिकडे तोंड कर.

दुसरं, इअरफोनने थेरपिस्टचा आवाज लपतो, तुझा नाही. उलट दोन्ही कान बंद असले की आपण नकळत जोरात बोलतो. एक कान उघडा ठेव.

तिसरं, पंख्याचा किंवा पावसाचा एकसुरी आवाज लावायचा असेल तर तो दाराच्या बाहेर. सगळे इथेच चुकतात. खोलीत लावला तर माइक तोच पकडत बसतो आणि बाहेरच्याला तू स्पष्ट ऐकू येतेस.

तिरकस:
म्हणजे घरचे विचारणार, बाई, तुझ्या दाराबाहेरच पाऊस का पडतोय?

ब्लूटूथपीडित:
हसू नका, माझं ऐका. माझ्या दुसऱ्या सेशनला इअरफोनची बॅटरी मेली आणि लॅपटॉप आपोआप हॉलमधल्या स्पीकरला जोडला गेला. थेरपिस्टचं "मग त्या वेळी बाबांचा राग आला होता का?" हे वाक्य बाबांनीच ऐकलं. तेव्हापासून वायरवाले इअरफोन. आणि घरात सामायिक कॅलेंडर असेल तर त्यात सेशनची नोंद गेलीय का ते आत्ताच बघा. टॅबलेटवर सगळ्यांना आठवण येते.

स्थितप्रज्ञ:
एवढी सगळी लपवाछपवी करून मनःशांती कशी मिळणार? त्यापेक्षा रोज पहाटे चाळीस मिनिटं श्वासावर लक्ष द्या. मी तीन वर्षं करतोय, कोणाची गरज लागली नाही.

निवांत:
स्थितप्रज्ञ, प्रश्न 'थेरपी घेऊ का' असा नव्हता. तुमचा श्वास तुमच्यापाशी.

गणिती:
सेशनआधी प्रश्नावली आलीय का? बहुतेक पीएचक्यू-९ (नैराश्य मोजणारी) किंवा जीएडी-७ (चिंता मोजणारी) असते. पहिलीत ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जास्तीत जास्त २७. दुसरीत ७ प्रश्न, जास्तीत जास्त २१. दोन्ही मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, आयुष्याबद्दल नाही. लोक घाईत गेल्या वर्षाचं दुःख त्यात भरतात. ९वा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा असतो, तो भीतीपोटी '०' करून पुढे जाऊ नका.

टंकलेखक:
मुळात व्हिडिओ हवाच कशाला? लिहून थेरपी घ्या. आवाजाचा प्रश्नच मिटला.

निवांत:
मी दोन्ही केलंय. टाइप करताना मी प्रत्येक वाक्य तीनदा खोडायचे आणि शेवटी सभ्य तेवढंच पाठवायचे. बोलताना जे चुकून निघतं तेच कामाचं असतं.

टंकलेखक:
हे तुमचं झालं. मला समोर चेहरा असला की वाचा बसते.

अवांतरवाला:
अवांतर: चेहऱ्याचा त्रास थेरपिस्टलाही असतो. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडने १९१३च्या एका लेखात सरळ कबूल केलंय की दिवसाला आठ-आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहिलेलं त्याला सोसत नाही. पेशंट कोचावर आणि तो मागे, त्याचं हेही एक कारण. तेव्हा स्वतःची चौकट स्क्रीनवरून लपवायची सोय असेल तर जरूर वापरा. स्वतःला रडताना बघत रडणं फार अवघड.

निवांत:
कुंपणावरची, गायब झालीस. घरात कोणाला माहीत आहे का? पलीकडे कोण असतं?

कुंपणावरची:
कोणालाच माहीत नाही. ऑफिसची मीटिंग सांगणार आहे. दाराला लागूनच पलंग आहे, आई संध्याकाळी तिथेच असते. आणि मला तिच्याबद्दलच बोलायचंय.

तिरकस:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं ना! आम्ही इथे राउटर हलवतोय.

निवांत:
बरं, मग चादरीने भागणार नाही. कोणी ऐकत नसलं तरी 'ऐकत असेल' या भीतीने तू अर्धंच बोलशील. आज रात्रीच थेरपिस्टला दोन ओळी पाठव: घरी माहीत नाही, आई दाराबाहेर असते. त्यांना असे लोक रोज भेटतात. आधी कळलं तर ते प्रश्न असे विचारतात की तुला 'हो', 'नाही', 'थोडंसं' यावर भागवता येतं. अवघड शब्द चॅटच्या चौकटीत टाइप कर. शिवाय एक साधा शब्द ठरवून ठेव, तो आला की विषय बदलायचा.

वेळ बदलता येते, तेही विचार. नाहीतर गच्ची, उभी करून ठेवलेली गाडी, मैत्रिणीची खोली. रस्त्याने चालत मात्र नको. आणि कुठे बसलीयस ते सुरुवातीलाच खरं सांग, ते विचारतातच. काही गंभीर झालं तर मदत कुठे पाठवायची हे त्यांना माहीत असावं लागतं.

कुंपणावरची:
अरे देवा. फॉर्ममध्ये तातडीचा संपर्क म्हणून मी आईचाच नंबर दिलाय. सवयीने.

गणिती:
आजच बदला. मैत्रिणीचा द्या, पण तिला विचारून. जिवाला धोका वाटला तरच फोन करतात, उगाच नाही. तरीही तो कोणाकडे जाईल हे तुम्ही ठरवलेलं बरं.

खटपट्या:
गच्चीवर वायफाय पोचणार नाही. मोबाइल डेटावर व्हिडिओ अडकला तर फक्त आवाजावर या, डेटा खूपच कमी लागतो. कॉल तुटला तर कोणी कोणाला फोन करायचा हे आधी ठरवा, नाहीतर दोघेही एकमेकांना लावत बसता आणि दोघांनाही 'व्यस्त' येतं.

स्थितप्रज्ञ:
मोकळ्या हवेत श्वास पण चांगला घेता येईल.

कुंपणावरची:
झालं सेशन. नंबर बदलला, मेसेज पाठवला, त्यांनी "बरं झालं सांगितलंत" एवढंच लिहिलं. गच्चीवर गेले, फक्त आवाजावर. पहिली पंधरा-वीस मिनिटं गोपनीयता, कुठल्या परिस्थितीत ती मोडावी लागते, फी, रद्द करायचे नियम यातच गेली. मी उगाच घाबरले होते की बसल्या बसल्या सगळं ओकावं लागेल. नंतर बोलायला लागले आणि आई वाळलेले कपडे काढायला वर आली. मी चॅटमध्ये 'पाऊस' टाइप केलं. (तिरकस, तुमच्यावरूनच ठरवला शब्द.) त्या शांतपणे झोपेबद्दल विचारत राहिल्या, मी "हो", "साधारण सहा तास" करत राहिले. आई जाताना म्हणाली, ऑफिसचे लोक तुझ्या झोपेची बरीच चौकशी करतात गं.

पुढचं पुढच्या आठवड्यात. सकाळची वेळ मागितलीय, तेव्हा ती घरात नसते.

तिरकस:
मानधन पाठवून द्या.

खटपट्या:
वाऱ्याचा आवाज आला का पलीकडे? माइकवर पातळ स्पंजची टोपी मिळते.