शिक्षा लागल्यावर तपास पुन्हा करावा का?

भुईकोट (धागाकर्ता)

गेल्या रविवारी आमच्या वाचनगटात अमेरिकेतील बाल्टिमोरच्या एका खून खटल्यावर बोलणे निघाले. दोन तास होऊनही एकमत झाले नाही, म्हणून विषय इथे मांडतो.

हे मिन ली ही १८ वर्षांची शाळकरी मुलगी १३ जानेवारी १९९९ रोजी बेपत्ता झाली आणि ९ फेब्रुवारीला तिचा मृतदेह लीकिन पार्कच्या झाडीत सापडला. तिचा पूर्वीचा मित्र अदनान सय्यद तेव्हा १७ वर्षांचा होता. फेब्रुवारी २००० मध्ये तो दोषी ठरला आणि त्याला जन्मठेप व वर ३० वर्षे अशी शिक्षा झाली. मृतदेह पुरायला आपण मदत केली असे सांगणाऱ्या एका ओळखीच्या मुलाची साक्ष आणि मोबाइल टॉवरच्या नोंदी, या दोन खांबांवर मुख्यतः तो खटला उभा होता. त्या मुलाने सांगितलेल्या वेळा जबाबागणिक बदलत गेल्या. टॉवरच्या नोंदी देणाऱ्या कंपनीने तर सोबतच्या पानावर स्वतःच लिहून ठेवले होते की, आलेल्या कॉलवरून फोन कुठे होता हे खात्रीने सांगता येत नाही. आणि मृतदेह पुरण्याची वेळ व जागा ज्यांच्यावरून ठरवली गेली ते दोन्ही कॉल आलेलेच होते. सरकारी तज्ज्ञाला उलटतपासात या सूचनेबद्दल प्रश्नच विचारला गेला नाही. २०१४ मध्ये एका पत्रकार महिलेने या खटल्यावर ध्वनिमालिका केली, तेव्हा हा खटला जगापुढे आला.

या परक्या खटल्याकडे माझे लक्ष खिळून राहिले ते आपल्याच राज्यातल्या एका निकालामुळे. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर रात्री हल्ला झाला आणि पाच जणांचा जीव गेला. त्यांत १५ वर्षांची एक मुलगी होती. भटक्या-विमुक्त समाजातील सहा मजुरांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. त्या रात्रीतून वाचलेल्या आईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. तिचा जबाबही नोंदवला गेला होता. त्या चौघांना ना अटक झाली, ना त्यांच्यावर खटला भरला गेला.

सोलापूरकरांना हे परके वाटू नये. ज्या शहराच्या एका वस्तीला आजही 'सेटलमेंट' म्हणतात, तिथे जन्माने गुन्हेगार ठरवून माणसांना तारेच्या कुंपणाआड ठेवले होते आणि तो गुन्हेगार जमातींचा कायदा देशात ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत टिकला. संशय आधी कोणाच्या दारात जातो, हे आपण पिढ्यान्पिढ्या पाहिले आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. कोवळ्या वयाच्या मुलाचा किंवा मुलीचा खून झाला की गावावर, पोलिसांवर आणि न्यायालयावर लवकर कोणीतरी सापडावे असा दाब येतो. अशा खटल्यात शिक्षेनंतर गंभीर शंका निघाली, तर ज्यांनी पहिला तपास केला त्यांच्याकडून नव्हे, तर स्वतंत्र यंत्रणेकडून तपास व्हावा. चुकीचा माणूस आत असेल, तर त्या मुलीचा खून उलगडलेलाच नसतो.

निवृत्त शिक्षिका, मुरारजी पेठ

भुईकोट, आपण मांडलेली माहिती बरोबर आहे, परंतु बाल्टिमोरची गोष्ट आपण मध्येच थांबवली आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील सरकारी वकिलांनीच शिक्षा रद्द करण्याचा अर्ज केला. हे मिनच्या भावाला शुक्रवारी कळवले आणि सोमवारी सुनावणी ठेवली. तो देशाच्या दुसऱ्या टोकाला राहत होता. त्याने मागितलेला आठवडाही त्याला मिळाला नाही आणि आपल्या बहिणीबद्दल त्याला पडद्यावरून बोलावे लागले. पुढे २०२३ मध्ये अपील न्यायालयाने आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने ही वागणूक चुकीची ठरवून जुनी दोषसिद्धी पुन्हा लागू केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या सरकारी वकिलांनी तो अर्ज मागे घेतला, कारण त्यात खोटी आणि दिशाभूल करणारी विधाने असल्याचे त्यांना आढळले. सय्यद आज बाहेर आहे तो गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असलेल्यांसाठीच्या कायद्याखाली शिक्षा कमी झाल्यामुळे. दोषसिद्धी कायम आहे. म्हणजे दुसरा तपाससुद्धा चुकतो, आणि तो चुकला की त्याची किंमत पुन्हा त्याच घराला मोजावी लागते.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचा दहावीच्या वर्षी खून झाला. एका तरुणाला जन्मठेप झाली आणि त्याचे अपील अजून प्रलंबित आहे. मुलाची आई पूर्व भागात विड्या वळते. मुलाचे परीक्षेचे प्रवेशपत्र तिने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवले आहे. मागच्या वर्षी दोन तरुण कॅमेरा घेऊन तिच्या दारात आले आणि "खरा खुनी कोण असेल असे तुम्हाला वाटते?" असे विचारू लागले. ती मला म्हणाली, "बाई, इतकी वर्षं मी एकाच माणसाला शिव्या देत आले. आता तो नव्हता म्हणतात. मग मी कुणाला देऊ?" त्या रात्री तिने विड्यांचे सूप जवळसुद्धा ओढले नाही. कोणाच्याही शंकेवर तपास उघडावा असे म्हणणाऱ्यांनी आधी तिच्यासमोर बसून ते म्हणावे.

सातरस्ता (वकिली, फौजदारी बाजू)

बाई, त्या आईच्या दारात कॅमेरा जायला नको होता, याबद्दल दुमत नाही. पण तिथे गेले ते दोन हौशी तरुण होते, कारण अधिकाराने जाऊ शकेल असे कोणी आपल्या व्यवस्थेत नाही.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. खटला चालू असताना पुढील तपास होऊ शकतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याला न्यायालयाची परवानगी आणि ९० दिवसांची मुदत आहे. अपिलात न्यायालय जादा पुरावा घेऊ शकते. मात्र अपील म्हणजे मुख्यतः कागदांची फेरतपासणी असते. जो साक्षीदार पोलिसांनी कधी शोधलाच नाही, तो कागदांत सापडत नाही. सोलापूरची अपिले १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, त्यामुळे मुंबईचा फेरा वाचला. पण कागद तेच राहिले. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधील २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी कायदा सुचवला. त्याचा कायदा अजून झालेला नाही.

मला खरी चिंता वाटते ती मुद्देमालाची. परिस्थितिजन्य पुराव्याच्या खटल्यांत कपडे, दोरी, केस, नखांखालची माती, रक्ताचे डाग याच गोष्टी बोलतात. सत्र न्यायालयाच्या निकालपत्राच्या शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते की, मुद्देमाल टाकाऊ असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा. ही ओळ कोणी वाचत नाही. आरोपीचे नातेवाईक वाचत नाहीत आणि मृताचेही नाहीत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावेत आणि ते कोणाकोणाच्या हातून गेले याची नोंदवही खटल्याच्या अखेरपर्यंत ठेवावी, असे सांगितले. ही सुधारणा मोठी आहे, परंतु त्या अखेरीनंतर काय, हा प्रश्न उरतोच. इंग्लंडमधील अँड्र्यू माल्किन्सन बलात्काराच्या आरोपाखाली १७ वर्षे तुरुंगात राहिला आणि २०२३ मध्ये निर्दोष ठरला. पीडितेचे कपडे पोलिसांनी जपले नव्हते. प्रयोगशाळेच्या संग्रहात उरलेल्या नमुन्यांनी त्याला सोडवले.

स्वतंत्र आयोग नंतर येवो. जन्मठेप किंवा फाशी असलेल्या प्रत्येक खटल्यातील जैविक मुद्देमाल शिक्षा संपेपर्यंत जपावा, एवढे तरी आज करता येईल.

खाकीतील तीस वर्षे

वकीलसाहेबांच्या मुद्देमालाच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. मालखान्याची अवस्था मी स्वतः पाहिली आहे. बाकीच्या म्हणण्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

माल्किन्सनचे नाव आपण घेतले म्हणून विचारतो. इंग्लंडमध्ये १९९७ पासून नेमका असाच स्वतंत्र आयोग आहे ना? त्याच आयोगाने या माणसाचे प्रकरण दोनदा फेटाळले. पाटी बदलली म्हणून काम बदलत नाही.

आपल्याकडे सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, पुनर्विलोकन आणि सुधारणा याचिका इतके टप्पे आहेत. त्यावर आणखी एक दार उघडले तर त्यातून आधी पैसेवाल्याचा मुलगा जाईल. साक्षीदाराला पुन्हा पुन्हा बोलावले की तो थकतो, घाबरतो किंवा विकला जातो. मी एका खुनात रात्रभर जागून मिळवलेला प्रत्यक्षदर्शी कोर्टात फितूर झालेला पाहिला आहे, आणि व्हरांड्यात मृताच्या बापाने माझ्याकडे पाहिले ते मी विसरू शकत नाही. १९७३ च्या शिवाजी बोबडे निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले होते की, संशयाच्या फायद्याची अवाजवी भक्ती समाजाला घातक असते आणि दोषी माणूस सुटणे हाही न्यायाचा पराभवच असतो. निर्दोष सुटला तो प्रत्येक जण निष्पाप असतोच असे नाही.

सातरस्ता

साहेब, त्याच बोबडे निकालात असेही म्हटले आहे की आरोपी दोषी 'असू शकतो' आणि दोषी 'असलाच पाहिजे' यांत मोठे अंतर असते. १९८४ मध्ये शरद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याचे जे 'पंचशील' घालून दिले, त्याची सुरुवात याच वाक्यापासून होते. आपण सांगितलेला बाप व्हरांड्यात उभा होता हे खरे. पण नाशिकच्या खटल्यात ज्या आईने चार फोटो ओळखले, तिच्याकडे कोणी पाहिले? तिथे पुन्हा तपास मागणे म्हणजे साक्षीदाराला थकवणे नव्हते, तर तिने पहिल्याच आठवड्यात जे सांगितले ते ऐकणे होते.

जुळे सोलापूर (विधी शाखा, तिसरे वर्ष)

काकांना नम्रपणे विचारते. १२ जानेवारीला आपण सगळे चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ मध्ये येरवड्यात फाशी दिले ते पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून, आणि तेही अपिलाच्या सर्व पायऱ्या संपल्यानंतर. त्या निकालावर सोलापूरने कधी विश्वास ठेवला नाही. मग निकालावर शंका घेणे हा अपमान कसा ठरतो?

खाकीतील तीस वर्षे

मुली, ते परकीय सरकार होते आणि त्याला मार्शल लॉनंतर शहराला धडा शिकवायचा होता. आजच्या सत्र न्यायाधीशांना त्या पंक्तीत बसवणे मला मान्य नाही. तरीही नाशिकच्या अल्बमची गोष्ट मला टोचली, हे कबूल करतो. तो तपास माझ्या हाताखालच्या माणसाने केला असता, तर मी त्याला जाब विचारला असता. सर्वोच्च न्यायालयाने दोषी अधिकारी शोधून कारवाई करायला सांगितले होते, ते योग्यच होते.

भुईकोट (धागाकर्ता)

बाईंचे म्हणणे वाचून मी माझ्या मागणीत एक बदल करतो. पुन्हा तपासाचा अर्ज आला की पहिली नोटीस मृताच्या घरी जावी, पुरेशा मुदतीची, आणि ती एखाद्या जबाबदार माणसाने समक्ष जाऊन समजावून द्यावी. गुन्ह्याच्या पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये जगजित सिंग खटल्यात सांगितलेच आहे. तो हक्क तपास अडवण्यासाठी नसावा, तपासात सहभागी होण्यासाठी असावा. मूळ मागणीवर मात्र मी ठाम आहे.

निवृत्त शिक्षिका, मुरारजी पेठ

एवढे केले तरी मी आपल्या बाजूला आले असे समजू नका. त्या तरुणानेच माझ्या विद्यार्थ्याला मारले असे मला आजही वाटते.

पण सातरस्ता, तुम्हाला एक विचारायचे आहे. मुलाच्या आईने निकालानंतर त्याचे दप्तर परत मागितले होते. ते पोलिसांनी जप्त केले होते आणि त्यावर डाग होते म्हणतात. तिला कोणी उत्तर दिले नाही. तुम्ही लिहिलेली ती शेवटची ओळ वाचल्यापासून माझ्या मनात धाकधूक आहे. ते दप्तर अजून असेल का?

सातरस्ता

बाई, अपील प्रलंबित असेल तर ते जपलेले असायला हवे. निकालपत्राची प्रत त्या आईकडे नसेल, तर नक्कल मिळवण्याचा अर्ज मी करतो. तिने फक्त सही करायला यावे, किंवा मीच पूर्व भागात येतो. शेवटच्या पानावर मुद्देमालाचा आदेश असेल, तो आधी पाहू. दप्तर लगेच परत मागू नका. अपिलाचा निकाल लागेपर्यंत ते नष्ट करू नये, एवढाच अर्ज आधी देऊ.

निवृत्त शिक्षिका, मुरारजी पेठ

निकालपत्र तिच्याकडे आहे. त्याच रेशनकार्डाच्या पिशवीत. उद्या संध्याकाळी तिला घेऊन येते.